पंधरापैकी चौदा शब्द

मंगळवार, ४ जून

खटपट्या,

तू गेल्याला आज नऊ दिवस झाले. मामाने फोनवर सांगितलं की तू नीट पोचलास, जेवतोस, आणि त्याच्या दुकानात बसून सायकलींची वाकडी चाकं सरळ करतोस. तुझा फोन इथे कपाटावर पडलाय, म्हणून कागदावर लिहिते आहे. कितीतरी वर्षांनी लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

हॉस्पिटलात, दोन पेशंटच्या चाचण्यांच्या मधे लिहितेय. सव्वाअकराचे आजोबा अजून आलेले नाहीत आणि मला स्वस्थ बसवत नाही. तीनदा उठून खिडकी उघडली, तीनदा लावली.

तुझ्या खणात गोळ्यांची पट्टी सापडली. चौदाच्या चौदा. म्हणजे तू निघालास त्याच्या आधीपासूनच बंद केल्या होत्यास का? रागावत नाहीये. पट्टी या पाकिटात घातली आहे. रोज जेवण झाल्यावर एक, मामीसमोर घे. आई असती तर तिने तोंड उघडायला लावून बघितलं असतं. मी एवढंच म्हणते की घे.

अपघाताबद्दल काय लिहू? अपघात कुणाकडूनही होतो. कंपनीने पत्रात ‘निष्काळजीपणा’ असा शब्द वापरलाय, तो मनावर घेऊ नकोस. कंपन्यांनी असे शब्द छापूनच ठेवलेले असतात. बाबा काही बोलत नाहीत. तुझ्या जोडीला कामाला असलेल्या पैलवानाच्या पायावर प्लास्टर आहे, सहा आठवड्यांनी निघेल. त्याला भेटायला जाणार आहे.

आजोबा आले. उत्तर लिही, एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

ताई


शुक्रवार, ७ जून

खटपट्या,

तुझं कार्ड मिळालं, आणि सोबत पट्टी परत. पूर्ण. तू लिहिलंस ते पुन्हा इथे उतरवते, कारण सकाळपासून तेच डोक्यात फिरतंय: ‘ताई, हॉस्पिटलचा कागद बघ. स्मरणाच्या चाचणीत पंधरा शब्दांपैकी चौदा आठवले. ज्याचं डोकं असं चालतं त्याला गोळी कशाला? मी आजारी नाही. मी गलथान आहे. गलथानपणावर गोळी नसते.’

असं नाही रे. तुला तुझ्याच, लिफ्टवाल्याच्या भाषेत सांगून बघते.

एका इमारतीत दोन लिफ्ट आहेत असं समज. पहिली कुणी बटण न दाबताच धावते. प्रत्येक मजल्यावर थांबते, दार उघडते, बाहेर कुणीच नसतं. दुसरी बोलावली तरी अर्ध्यावर थांबते. दोघींना वीज एकच आहे, तिचं नाव डोपामिन. मेंदूच्या खोल भागात ती तुझ्याकडे जास्त सुटते आणि तिथले डी-टू नावाचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे, नसलेले निरोप घेत राहतात. तुला आवाज ऐकू यायचे ते त्यातून. तुझी गोळी त्या निरोप घेणाऱ्यांच्या दारात जाऊन बसते. म्हणून दोन वर्षं घर शांत होतं.

पण कपाळाच्या मागे जो भाग आहे, जिथे आपण चार गोष्टी घडीभर धरून ठेवतो, तिथे हीच वीज कमी पडते असं मानतात. तिथले निरोप घेणारे बहुतेक वेगळे, डी-वन. गोळी त्यांच्यासाठी काही करत नाही. शास्त्रज्ञांचंही यावर अजून पूर्ण एकमत नाही, पण मी खुर्चीच्या या बाजूला बसून रोज हेच बघते. आवाज गेलेले असतात, माणूस शांत असतो, आणि दुकानात काय आणायला आलो ते त्याला आठवत नाही. त्याला सगळे आळशी म्हणतात.

म्हणून सांगते, गोळीचं काम वेगळं आणि विसरण्याचं दुखणं वेगळं. विसरतोस म्हणून तू गलथान ठरत नाहीस. गोळी बंद केलीस तर पहिली लिफ्ट पुन्हा सुटेल.

काल मामा म्हणाला की तू दुकानातला रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवलास. मी म्हटलं, "आवाज जास्त होत असेल." तो म्हणाला, "अगं, रेडिओ बंद होता."

पट्टी पुन्हा पाठवते आहे.

ताई


बुधवार, १२ जून

खटपट्या,

तुझं दुसरं कार्ड. एकच ओळ. ‘मास्तरीणबाई, दुसरी लिफ्ट बंद असेल तर चौदा शब्द वर कसे आले?’

लहानपणापासून तू असाच आहेस. घड्याळ उघडून ठेवायचास आणि विचारायचास, हा स्क्रू कशाला आहे सांग. आणि मला नेमकं तेच ठाऊक नसायचं.

चांगले दिवस असतात रे. कधी झोप नीट झालेली असते. कधी मन लागतं. शिवाय चाचणी मी घेतली नव्हती. नात्यातल्या माणसाची आपण घ्यायची नसते असा नियमच आहे, म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी घेतली. सगळं रीतसर झालं. त्यावर डॉक्टरीणबाईंनी सही केली.

आज पैलवानाकडे गेले होते. फुंकर मारली तर उडून जाईल असा माणूस, त्याला पैलवान नाव कुणी ठेवलं? पलंगावर पाय उंच करून पडला होता. मला बघून म्हणाला, "बसा ताई. उठून उभा राहिलो असतो, पण एक पाय रजेवर आहे."

त्याची बायको आतून म्हणाली, "जीभ मात्र कामावर आहे."

मी विचारलं, "माझ्या भावाचा राग आला असेल ना?"

"आला की. चार दिवस पडल्या पडल्या त्याच्याच नावाने ओरडत होतो. मग ओरडायचाही कंटाळा आला." मग प्लास्टरवर हात ठेवून म्हणाला, "तसं बघा, त्याने हाक मारली होती. ‘चालू करू का?’ अशी. पद्धत आमची तीच आहे. हाक मारायची, उत्तर ऐकायचं, मगच स्विच फिरवायचा. मी खाली लिफ्टच्या खड्ड्यात. ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वर त्या इमारतीतली कुत्रेवाली बाई आली. किती वेळ लागेल, म्हणाली. त्याने तिला सांगितलं, दहा मिनिटं. आणि तिला सांगून झाल्यावर स्विच फिरवला. जसं काही माझंच उत्तर आलं होतं."

खटपट्या, मी रोज हेच मोजते. माणसाला एक गोष्ट धरून ठेवायला सांगायची, मधे दुसरं काहीतरी विचारायचं, आणि पहिली हातात राहिली का ते बघायचं.

निघताना त्याने विचारलं, "एक सांगा. तो पूर्ण बरा आहे असा तुमच्या हॉस्पिटलचा कागद होता ना? साहेबांनी आम्हाला वाचून दाखवला होता. डोकं एकदम पक्कं, असं काहीतरी. मी तर म्हटलं, माझ्यापेक्षा पक्कं. म्हणून मी खाली उतरलो. नाहीतर मी त्याला उतरवलं असतं आणि स्विच माझ्याकडे ठेवला असता."

मी हो म्हटलं. होता कागद. आणि जिना उतरून आले. तिथून बसने यायचं ते चालत आले, जवळजवळ तासभर.

घरी बाबा. मी पहिल्या पत्रात लिहिलं की ते काही बोलत नाहीत, ते खरं नाही. तू गेलास त्या दिवसापासून ते एकच बोलतात. "डोकं शाबूत आहे, कागदावर लिहिलंय. मग ही निव्वळ बेपर्वाई. आजारी होता तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. आता का ऐकून घेऊ?" हे ते तुझ्यासमोर बोलले होते का? म्हणून गेलास का? मला कुणी सांगितलेलं नाही, पण मला वाटतं तसंच असावं.

मामीने फोन केला. तू तिला विचारलंस की स्वयंपाकघरात माझ्याबद्दल कोण बोलतंय. स्वयंपाकघरात मांजर होतं, म्हणाली.

कृपा करून गोळी घे.

ताई


गुरुवार, १३ जून

खटपट्या,

काल पेटीत पत्र टाकलं आणि घरी येईपर्यंत कळलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलंच नाही. आता देते. हे वाचताना बसून घे. मामा जवळ असेल तर बरं.

चौदा शब्द वर आले, कारण ते मी आधीच वर नेऊन ठेवले होते.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं की कामावर परत घेऊ, पण डोक्याची चाचणी करून आणा. तुला किती आनंद झाला होता. दोन वर्षं जपून ठेवलेले स्क्रू ड्रायव्हर तू घासूनपुसून टेबलावर ओळीने मांडलेस. मला मात्र त्याच दिवशी कळलं होतं की तू नापास होणार. तुला मी रोज बघत होते. चहाला पाणी ठेवून तू दूध आणायला जायचास आणि दूध न घेताच यायचास. पाणी आटून जायचं.

आमच्या हॉस्पिटलात या चाचणीसाठी शब्दांच्या तीन याद्या आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला अ यादी देतात. ती मला पाठ आहे, हजारदा वाचली असेल. त्या महिन्यात संध्याकाळी चहाच्या वेळी मी तुझ्याशी जो खेळ खेळायचे, ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून, ते शब्द त्या यादीतले होते. छत्री, कुलूप, साबण, पायरी, मेंढी. त्याच क्रमाने. तीन आठवडे, रोज. उलटे आकडे म्हणायचा खेळ, नियम न सांगता बदलणारा पत्त्यांचा खेळ, तेही तेच. तुला मी कधी सांगितलं नाही की ही परीक्षा आहे. तुला कळलं असतं तर तू बसला नसतास. तू कधी कॉपी केली नाहीस, गणितातही नाही, आणि गणितात तुला फार गरज होती.

मला वाटलं होतं की चाचणीच्या खोलीत तू शब्द ओळखशील आणि बाहेर येऊन माझ्यावर ओरडशील. मी ओरडा खायच्या तयारीने बाहेर बसले होते. तू आलास आणि काय म्हणालास आठवतंय? तू म्हणालास, "ताई, शब्द आपोआप येत होते गं. कुणीतरी आतून हातात देत होतं, आणि तरी आवाज नव्हता. माझं डोकं परत आलं."

शब्द तुझ्या लक्षात राहिले होते. ते कुठे ऐकले होते ते राहिलं नव्हतं. हेही याच आजारात होतं. मला ते माहीत होतं, रोज बघते, आणि तरी मी त्या वेळी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आलं ना? मी म्हटलं नव्हतं?"

तो कागद खोटा आहे, खटपट्या. तू बरा आहेस म्हणून चौदा आले नाहीत. त्या कागदाकडे बघून गोळी बंद करू नकोस. आणि त्या कागदाकडे बघून स्वतःला गलथान म्हणू नकोस. कुत्रेवाल्या बाईने प्रश्न विचारला आणि पैलवानाचं उत्तर यायचं आहे हे तुझ्या डोक्यातून पुसलं गेलं, ते तू पुसलं नाहीस. तुला त्या स्विचपाशी उभं केलं मी.

तुझ्याकडे एकच चांगली दुपार होती आणि ती मी काढून घेते आहे, हे मला कळतंय. दुसरा मार्ग सापडला नाही.

उद्या डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे. तुला आधी सांगायचं होतं.

ताई


मंगळवार, १८ जून

खटपट्या,

तुझं उत्तर नाही. मामाला फोन केला तर म्हणाला, "पत्र मिळालं त्याला. आता जरा दम धर." दम धरवत नाही. इस्त्री केलेलेच कपडे पुन्हा इस्त्री केले.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या उभ्याच होत्या, बसल्या.

"कुठली यादी?"

"अ."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. रोज."

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "चौदाऐवजी सहा आले असते, तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "नापास."

"इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करता आणि तुम्हाला हे वाटलं? इथे पास-नापास असतं का? मी लिहिलं असतं, कामावर घ्या, पण टेबलावरचं काम द्या. मोटर खोलायची, बसवायची, साफ करायची. एका वेळी एक गोष्ट, मधे कुणी बोलणार नाही अशा जागी. दुसऱ्याच्या जिवाशी गाठ असलेला स्विच देऊ नका. हे लिहायला मला तो सहाचा आकडाच लागत होता."

खटपट्या, मी तुला नापास होण्यापासून वाचवलं नाही. टेबलावरच्या कामापासून वाचवलं.

माझं चाचण्या घेण्याचं काम काढून घेतलंय. चौकशी होईल. तोपर्यंत मी जुन्या फाइली लावते. तुझा अहवाल त्यांनी रद्द केला आणि कंपनीला तसं पत्र धाडलं. आधीच्या अहवालावर विसंबून ‘निष्काळजीपणा’ ठरवू नये, असं त्यात आहे. चूक कुणाची, तेही आहे. मी वाचूनच सही केली.

सोमवारी, २४ तारखेला, दहा वाजता तुझी नवीन चाचणी ठेवली आहे. यादी दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलमधून बंद पाकिटात येणार, ती मी बघितलेली नाही. मामा तुला घेऊन येईल असं म्हणाला. तू आलास तर. मी खोलीजवळ येणार नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा त्यांनी विचारलं, "काय गं?" मी विचारलं, "पंखा लावू का?" पंखा चालूच होता.

ताई


शनिवार, २९ जून

ताई,

हे पत्र चार दिवस लिहितोय. मधेच विसरतो काय लिहिलं ते, मग परत वरून वाचतो. काही दोनदा आलं असेल तर चालवून घे.

सोमवारी तू फाइलींचा गठ्ठा घेऊन जिन्यापाशी उभी होतीस. मी तुला बघितलं. बोललो नाही ते मुद्दाम. विसरलो नव्हतो. वेगळं लिहितोय, कारण आता तू सगळंच आजारावर ढकलशील.

तुझं तेरा तारखेचं पत्र मिळालं तेव्हा मला वाटलं की ते तू लिहिलेलंच नाही. कुणीतरी तुझ्या नावाने लिहून मला परत आजारी करतंय. स्वयंपाकघरातले पण तेच म्हणत होते. मी ते मामाला दाखवलं. मामा म्हणाला, "इतकं घाण अक्षर दुसऱ्या कुणाला जमणार आहे?" मग मी तुझी आधीची पत्रं शेजारी ठेवून एक एक अक्षर बघितलं. दीड दिवस लागला. तुझंच होतं. तेव्हा कळलं की मी इतके दिवस कुणाचं ऐकत होतो. सतरा तारखेला मामीकडे गोळी मागितली. आवाज अजून आहेत, पण शेजारच्या घरात असल्यासारखे. शब्द कळत नाहीत.

सहा आले. बाईंनी बरोबर सहाच म्हटलं होतं असं तुझ्या पत्रात वाचलं, मला हसू आलं. अर्ध्या तासाने परत विचारले तेव्हा तीन. आकडे उलटे म्हणताना मी मधेच थांबलो आणि विचारलं, मला काय करायला सांगितलं होतं? चाचणी घेणारी मुलगी चांगली होती. तिने हसून परत सांगितलं. एप्रिलमध्ये किती सोपं गेलं होतं.

तुझा राग आहे. साधा नाही. पहिल्या चाचणीच्या दिवशी मी हॉस्पिटलमधून चालत घरी आलो होतो, बस सोडून. रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवरचं वाचत आलो आणि पुढच्या पाटीपर्यंत मागची आठवते का ते बघत आलो. आठवत होती असं वाटलं. ती दुपार तू मला दिलीस आणि तूच घेतलीस. दिली नसतीस तर बरं झालं असतं. बाईंनी मला पण सांगितलं टेबलावरच्या कामाचं. मी त्यांना म्हटलं, मी ते आनंदाने केलं असतं.

पण एक सांगतो, हे तुला बरं वाटावं म्हणून नाही. महिनाभर मी सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य स्वतःला म्हणायचो, तू माणसाचा पाय मोडलास कारण तुला कुणाची पर्वा नाही. आता ते म्हणत नाही. पैलवानाचा पाय मोडला तो मोडलाच. पण मला त्याची पर्वा होती. हाक मी मारली होती.

मंगळवारी मी त्याच्याकडे गेलो, मामाबरोबर. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. त्याने चिठ्ठी हातातून घेतली, स्वतःच वाचली, आणि म्हणाला, "बरं. आता चहा घे." मी घेतला.

बाईंनी वर्गाचं सांगितलंय. आठवड्यातून दोनदा, सहा जण असतात. वही कशी वापरायची, मधे कुणी बोललं तर आधी वहीत खूण कशी करायची, असं शिकवतात. डोकं परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माहीत नाही." मला ते आवडलं. कंपनीचं उत्तर आलेलं नाही. टेबलाचं काम देतील की नाही तेही माहीत नाही. वर्गासाठी मी मामाकडून येऊन जाऊन करीन. घरी एवढ्यात येणार नाही.

बाबांना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना सबब वाटेल. मामा सांगायला तयार आहे, पण मी त्याला नको म्हटलं. तू केलंस, तू सांग. पंख्याबद्दल न विचारता.

सांगून झालं की रविवारी इकडे ये. आधी नको. दुकान बंद असतं, आपण मागच्या अंगणात बसू. मी चाक लावत असेन, तू बस. फक्त एक अट. मला काही विचारायचं नाही. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, मगाशी मामी काय म्हणाली, रात्री झोप लागली का, काहीही नाही. मला जे आठवेल ते मी सांगेन, आणि नाही आठवलं तर आपण दोघं गप्प बसू.

तुझा भाऊ